खाऱ्या पाण्यातली मेथी

॥ श्री ॥
मुक्काम अकोला, पौष वद्य पंचमी, शके १७८५

चिरंजीव सौभाग्यवती शकुनले थोरल्या जावेचा आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, तसंच वाच. दुसऱ्याकडून लिवून घेतलं तं तो आपल्या मनानं गोड घालतो.

आमी बरे आहोत. आमच्या घरधन्याचं, म्हणजे तुह्या भासऱ्याईचं, कापसाच्या बाजारात चांगलं चालून राहिलं. घरावर गवत नाही, कवेलू आहेत. तवा दर पत्रात "बाई, करमते काय" विचारत जाऊ नको. मी काय कालची सासुरवाशीण आहो? तुहे मालक सहदेव भाऊजी आपला वलगावचा मळा मोडून कापूस पेरू काय म्हणतात, त्याचं मागून लिवते.

फक्त पोटात जळजळ होते, भाकर घशाखाली उतरत नाही. वैद्याचं चूर्ण झालं, दृष्ट काढून झाली. इथल्या विहिरीचं पाणीच खारं, दुसरं काय.

आपण माळ्याच्या बाया, जलमात भाजी विकत घेतली नाही. इथं रोज बाजारात जा. तिथं तानुबाई म्हणून एक भाजीवाली बसते. मुळ्यांची माती न झटकताच जुड्या बांधते, मले पाहावत नाही. मी एक सोडून नीट बांधून देल्ली, मंग दुसरी. दुपार झाली. ती म्हणते, "बाई, घेणं नाही तं रोज काहून येता?"

"तुले शिकवाले."

"खोटं. तुमाले गावाची याद येऊन राहिली."

मले असा राग आला, मी तशीच उठून घरी आली.

त्याच रागात मोरीमागची जागा खणली, आपल्या मळ्यातलं मेथीचं बी टाकलं. तीन दिसांत उगवली, आठव्या दिशी पिवळी. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. तिसऱ्या बारीले मी वाफ्यातच बसून रडली, शकुन. मेथीसाठी कोणी रडते काय? तवा समजलं, पोटात काय जळून राहिलं ते.

राग गिळून तानुबाईले जाऊन सांगितलं, तं ती हासली. म्हणे, "या पाण्यात तुमचं वलगाव नाही उगवत. पालक लावा, त्याले खारं चालते." लावला. चवीले आपल्यासारखा नाही, पण खाते. सकाळी तिच्याजवळ बसून जुड्याही बांधते. तुह्ये भासरे म्हणतात, लोक काय म्हणतील. मी म्हणलं, लोकाईले नीट झटकलेली भाजी भेटते, चूप बसतील.

आता मळ्याचं. मोट हाकून तुही कंबर गेली. भाऊजीनं दोनदा विचारलं, अन् मी उत्तरच देल्लं नाही. आज परत येईन, उद्या येईन, तवा माह्या हातचा मळा जसाच्या तसा पायजे, असं धरून बसली होती. इकडे माही आस, तिकडे तुही कंबर. चूक माही आहे. यंदा मिरगाले कापूस पेरा, त्याले मोट नाही लागत.

शेवटची वांगी तोडशील तवा चार इकडे येणाऱ्या बैलबंडीवाल्याजवळ दे. वाटेत सुकतील, सडतील, मले ठाऊक आहे. तरी दे.

तुही थोरली,
मैना