उतरत्या इंजिनाच्या पेटीवर माणूस देण्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
डोंगरी छोटी रेल्वे, पायथा कार्यालय.

विषय : उतरणाऱ्या गाडीला पुन्हा माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र. त्यात माझा मुलगा 'विनाकारण मागे बसला होता' असे लिहिले आहे.

महोदय,

मी सुनमती दर्नाल, राहणार सिमलबोट बाजार. अर्ज माझ्या हातचा आहे, अक्षराला हसू नये.

१. आपले इंजिन धुराडे चढाकडे करून डोंगर चढते आणि उतरतानाही धुराडे चढाकडेच ठेवून उलटे येते. तोंड फिरवले तर बॉयलरचे पाणी पुढे सरकून भट्टीचे छत उघडे पडते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. म्हणजे उतरताना कोळशाची पेटी पुढे. ड्रायव्हरला तिच्यापलीकडचे दिसत नाही. म्हणून पेटीच्या टोकाला एक माणूस बसून ओरडतो. माझा थोरला कुलमान तिथे बसायचा.

२. गेल्या महिन्यात धुक्यात रुळावर दरड होती. उडी मारता तर वाचता. तो ओरडत राहिला. ब्रेक लागले, डबे वाचले, तो दगड आणि पेटीच्या मधे गेला. इंजिनावर ड्रायव्हर माझा धाकटा जितमान होता.

३. आपले कारकून म्हणाले, "आमा, कागदात पुढचा माणूस म्हणजे धुराड्याकडचा. तुमचा मुलगा मागे होता. मागे जागाच मंजूर नाही." मी म्हटले, "बाबू, पाठमोरा चालत घरी जा. भिंतीला आधी नाक लागतं का ढुंगण, ते मला येऊन सांग." त्यांनी शिवीगाळ अशी नोंद केली. सांगायला आले नाहीत.

४. जागा नाही म्हणून बदली माणूसही नाही. रूळ आमच्या उंबऱ्याला लागून जातात, शाळेची पोरे त्यावरूनच चालतात, आणि जितमान रोज आंधळा उतरतो. तो जेवत नाही. पेटीपलीकडून भावाची हाक येते म्हणतो. हाक आली की ब्रेक मारतो, पुढे काही नसते. ज्या दिवशी असेल, त्या दिवशी हाक येईलच असे नाही.

५. मला भरपाई नको, हार नको. माणूस द्या. तोवर गेल्या सोमवारपासून पेटीवर मी बसते. गार्डला दोष देऊ नये, त्याने मला उतरवायला हात घातला, त्याला मी चावले. माझा आवाज खालच्या पुलापर्यंत जातो, सुनांना विचारा.

जितमानने मला विचारले, दोन हाका आल्या तर कोणती खरी धरू? मी सांगितले, दोन्हींना थांब. त्यामुळे गाडीला उशीर होतो, त्याची क्षमा असावी.

आपली नम्र, परंतु न उतरणारी,
सुनमती दर्नाल
ता. ३ डिसेंबर १९६४

सोबत : आपले पत्र परत.