परत घेतलेली साखर

आई, काल धाकट्या नातीचा ताप उतरला. सुनेनं लगेच मऊ भात टाकला, घरात सगळ्यांचे चेहरे खुलले, आणि मी मात्र आधी पोरीच्या फ्रॉकखाली हात घालून तिचं पोट चाचपलं. मऊ होतं. गुदगुल्या झाल्या म्हणून ती खिदळली, मगच मी तिला जेवू दिलं. सुनेला आता याचं काही वाटत नाही. कुणाचाही ताप उतरला की आजी थर्मामीटर बाजूला सारून पोटावर हात ठेवणार, ही आमच्या घरची रीतच होऊन बसलीय. रीत तुझी आहे. सुनेनं तुला पाहिलेलंच नाही, तिला काय काय म्हणून सांगू? कालपासून तू डोक्यातून हलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तू भांडखोर होतीस. कुंभिवलीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. विहिरीवर रांग मोडली की तू, रेशनच्या दुकानात काटा झुकला की तू, आणि घरात आजीशी तर रोजचंच. बाबा खोपोलीच्या गिरणीतून पाळी संपवून यायचे, ओट्यावरून तुमचा आवाज ऐकायचे आणि मागच्या दारानं आत शिरून गुपचूप पाय धुवायचे. शाळेतल्या मुली मला 'ती भांडणारीची पोर' म्हणायच्या. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, त्या मुलींना शोधून काढावं आणि सांगावं, हो, तिचीच.

भादव्यात मला ताप आला. शेतात भात पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, हे आठवतं, कारण निजल्या जागेवरून दारातून तेवढंच दिसायचं. खालापूरच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, कॅप्सुल दिल्या आणि तुला बजावलं की आता औषध आहे, बहुतेक पोरं बरी होतात; पण काही वेगळं दिसलं तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट मुंबई गाठा. आजीच्या लेखी तो मुदतीचा ताप होता. धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजीनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं पाताळगंगेत सोडले होते, पण मुदतीवरचा विश्वास काही तिनं सोडला नव्हता. मुदत भरली की ताप आपसूक उतरतो. उतरला की कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ, भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकायचा, घरातल्या थोरल्या माणसाच्या हातून मऊ भाताचा पहिला घास, आणि आळीत साखर. तोवर नुसती पेज. मी पेजेला इतकी विटले होते की त्या पहिल्या घासाची स्वप्नं पडायची.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी माझं अंग गार पडलं. घाम फुटला, उशी भिजली. आजीनं कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा असा उजळला की तो मला अजून दिसतो. मुदत उतरली, मुदत उतरली म्हणत ती चुलीकडे धावली. शेजारच्या काकूच्या हातात साखरेची वाटी देऊन तिला आळीत पाठवलंही. तू विहिरीवरून येतेस, डोक्यावर हंडा, आणि काकू वाटेतच तुला चिमूटभर साखर देते. तू ती तोंडात टाकत नाहीस. मुठीत धरून तशीच आत येतेस आणि माझ्याकडे बघत उभी राहतेस. मी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. हलले की पोटातून कळ उठायची, म्हणून हलतच नव्हते.

आजी ताटली घेऊन आली. भातावर तूप होतं, त्याचा वास आला आणि मला उमासा आला. तिनं घास माझ्या ओठांपाशी आणला आणि तू तिचं मनगट धरलंस. सासूचा हात धरणारी सून आमच्या आळीनं त्याआधी पाहिली नव्हती, आणि दारात बघायला चार बायका उभ्या होत्या.

"आत्याबाई, थांबा. ताप उतरलेलं पोर खायला मागतं. ही पानी बी मागत नाय."

आजी म्हणाली, "सोड हात. मुदत भरलीय तिची. उपाशी मारशील पोरीला."

तू हात सोडला नाहीस. दुसऱ्या हातानं माझं पोट दाबलंस आणि मी किंचाळले. माझं पोट तेव्हा पोळपाटासारखं झालं होतं. दाबलं तरी दबत नव्हतं. तू ताटली उचलून फळीवर ठेवलीस, मला गोधडीत गुंडाळलंस आणि बाहेर पडलीस. जाता जाता काकूच्या हातातली साखरेची वाटी काढून घेतलीस आणि उंबऱ्यात ठेवलीस. पोर बरी झालेली नाही, साखर वाटायची नाही, एवढंच म्हणालीस. वाटलेली साखर परत घेणं म्हणजे मरणाला बोलावणं, असं बायका मागून पुटपुटत राहिल्या. आजी तिथंच बसली आणि रडायला लागली. तू मागं वळून पाहिलं नाहीस.

घाट उतरून आलेले ट्रक तेव्हा आपल्या गावाशी थांबायचे. ब्रेक तापलेले असायचे, ते निवेपर्यंत ड्रायव्हर टपरीवर चहा घ्यायचे. कांद्याचा एक ट्रक उभा होता. तू ड्रायव्हरला मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलंस. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. म्हणाला, बाई, पोर वाटेत गेली तर माझ्या अंगावर येईल.

"गेली तर माझी जाईल. तू गाडी चालव रं."

तो उठला. पुढं वर्षानुवर्षं हे वाक्य तू लोकांना सांगायचीस, तेही हात कमरेवर ठेवून. सांगताना हेही सांगायचीस की मी जरासुद्धा घाबरले नव्हते, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि पोर तर बेसुद्धच होती, तिला काय ठाऊक.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पोटाला हात लावला आणि पुढचं सगळं धावतपळत झालं. आतड्याला भोक पडलं होतं. टायफॉइडमध्ये असं क्वचितच होतं, पण झालं की आतली घाण पोटभर पसरते; अंग गार पडतं ते ताप उतरला म्हणून नव्हे, जीव खचत चालला म्हणून. हे मला पुष्कळ पुढं, मोठी झाल्यावर कळलं. त्या दिवशी डॉक्टरांनी तुला इतकंच विचारलं की हिला खायला काय दिलंय. काही नाही, म्हणालीस. ते म्हणाले, फार बरं केलंत. तुझ्या आयुष्यात कुणी तुला 'बरं केलंत' म्हटल्याचं मी तरी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. बाबा संध्याकाळी कसेबसे पोचले, तोवर मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. जखम चिघळली, भरायला वेळ लागला, पण भरली.

आपण गावी परतलो ते दिवाळीच्या तोंडावर, भात कापून झालं होतं. तू घरात पाऊलही टाकलं नव्हतंस. उंबऱ्यात ठेवलेली तीच वाटी आजीनं धुऊन पुसून ठेवली होती. ती मागून घेतलीस, बाबांना साखर आणायला पिटाळलंस आणि घरोघर जाऊन वाटलीस. ज्या बाईशी तू दोन पावसाळे बोलत नव्हतीस तिच्या दारातही गेलीस. आजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माझ्या सुनेनं माझा हात धरला, म्हनून नात ऱ्हायली." तुझा अपमान करायची एक संधी न सोडणारी आजी ती. पुढं तुम्ही पुन्हा भांडलात, रोज भांडलात, पण ते वाक्य तिनं मरेपर्यंत मागं घेतलं नाही.

आणि मला बघायला पाहुणे आले तो दिवस. कर्जतजवळच्या दहिवलीची माणसं, मुलगा शिकलेला, नोकरीतला. आत्या, मावशी सगळ्या तुला डोळ्यांनी खुणावत होत्या की पोटावरच्या वणाबद्दल बोलू नको, लग्न झाल्यावर काय ते बघता येईल. तू चहाचा ट्रे खाली ठेवलास आणि पाहुण्यांसमोर बोललीस की हिच्या पोटावर बेंबीपासून वरपर्यंत वण आहे, का आहे ते असं असं, बायकांना बघायचा असेल तर आत या. मी लाजेनं अर्धी झाले. मुलाची आई आत आली, वण पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे ज्या बाईनं केलं तिची लेक मला पाहिजे. ती सासू मला चांगली लाभली. तुझ्याशी मात्र तिचंही जमलं नाही, मानपानावरून तुमची दोघींची जुंपलीच.

आता एक सांगते, जे तू होतीस तोवर सांगितलं नाही. तू ती ट्रकची गोष्ट इतकी ऐटीत सांगायचीस की मध्ये बोलवेना. ट्रकच्या केबिनमध्ये माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की तू मला दोन्ही हातांनी वर उचलून धरायचीस, हादरा तुझ्या अंगावर जावा म्हणून. पनवेलच्या अलीकडे माझ्या कानावर काहीतरी ओलं पडलं. मग तू बोलायला लागलीस, अगदी हळू. नवस बोलायला आपल्याकडे देव उरला नव्हता, म्हणून कुणाचं नाव न घेता बोलत होतीस.

"हिला ऱ्हाऊ दे. मी परत कुनाशी भांडनार नाय. आत्याबाईंशी बी नाय. कुनाशी म्हनून कुनाशी नाय."

ड्रायव्हरनं विचारलं, काय म्हणता बाई? तू म्हणालीस, समोर बघून चालव.

वॉर्डात मी शुद्धीवर आले तेव्हा तू आयाबाईशी भांडत होतीस. माझी चादर ओली झाली होती आणि ती बदलायला कुणी येत नव्हतं. तुझा आवाज साऱ्या वॉर्डात घुमत होता, आणि मी भीतीनं गारठले की हिनं शब्द मोडला, आता मी मरणार. डोळे मिटून मरणाची वाट बघत पडले. तेवढ्यात अंगाखाली कोरडी चादर आली. ती इतकी छान ऊबदार होती की मला झोपच लागली.

ट्रकमध्ये मात्र मी झोपले नव्हते, आई. जागी होते.