वाचून दाखविले, बरोबर आहे

आदरणीय वकीलसाहेब,

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. काल तुमच्या घरून काकूंचा फोन आला होता. तुमच्या आठवणींची स्मरणिका निघतेय, त्यात मी दोन पानं लिहावीत असं त्यांना वाटतं. "तुला ते मुलीसारखं मानायचे, तूच लिही," म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि वही घेऊन बसले. 'गोरगरिबांचे कैवारी' एवढं लिहून झालं आणि हात थांबला.

ते खोटं होतं म्हणून थांबला नाही. येत्या गुरुवारी नेवाशाच्या कोर्टात मला आमच्या वस्तीच्या कागदाबद्दल प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. ते दिल्यानंतर हे दोन शब्द लोक तुमच्या नावापुढे ठेवतील की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून स्मरणिका बाजूला ठेवली आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. कोर्टात सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला नको का?

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सातवीत होते. आई-वडील ऊसतोडीला गेले की मी हिराआत्याकडे राहायची. सोनई-घोडेगाव रस्त्याकडेची आमची वस्ती गायरानावर आहे, म्हणजे सरकारदरबारी ती जागा गुरांच्या चरण्याची. आमची दोन पिढ्यांची घरं तिथं अतिक्रमण ठरली आणि ती काढायची नोटीस आली. वस्तीत कुणाला वकील माहीत नव्हता. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं आणि सगळे टेम्पोत बसून तालुक्याला आले. आत्यानं शाळा बुडवून मला बरोबर घेतलं. कारण काय, तर आमच्यात वाचता येणारी मीच.

तुम्ही प्रत्येकाचं म्हणणं वेगळं लिहून घेतलंत. आत्याचा कागद टाईप होऊन आला तेव्हा तिला समोर बसवून वाचायला लागलात, "माझे पती मयत असून मी एकटी राहते." आत्यानं तिथंच तुम्हाला अडवलं.

"मयत न्हाईत वो. निघून गेलेत. कुटंतरी जित्ते असतील. तुमी कशाला मारताय त्यांला?"

सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात, आणि मग तो कागद फाडलात. टायपिस्ट कुरकुरला, एक शब्द खोडला असता तर चाललं असतं म्हणाला. तुम्ही त्याला म्हणालात, "बाई जे बोललीच नाही ते कागदावर आलं, तर तो कागद बाईचा कसा?" नवा कागद आला. तुम्ही तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलात, ओळीओळीला थांबून. आत्या मान हलवायची, मग तुम्ही पुढं जायचात. सगळं झाल्यावर खाली ती ओळ होती: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' तिच्याखाली आत्याचा अंगठा.

वकील व्हायचं मी त्या दिवशी ठरवलं. तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही.

मनाई हुकूम मिळाला, घरं राहिली. पुढच्या निवडणुकीत वस्तीतल्या बाया तुमच्यासाठी उन्हातान्हात गावोगाव चालल्या. तुम्ही आमदार झालात, मग दुसऱ्यांदा झालात. लोक तुम्हाला 'आमदारसाहेब' म्हणायला लागले, नंतर सरकारी मंडळावर गेलात तेव्हा 'अध्यक्षसाहेब'. आत्या मात्र 'वकील'च म्हणत राहिली. तुमच्या गाडीपुढं पोलिसांची गाडी असायची तेव्हाही ती रस्त्याच्या कडेनं हात करून ओरडायची, "वकील, जेवला का?" आणि तुम्ही काच खाली घ्यायचात.

मी बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्या सोनईच्या कार्यालयात आले. आमच्या घरातलीच काय, वस्तीतलीसुद्धा मी पहिली. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, "उद्यापासून ये, अर्ज लिहायला बस." त्या दिवसापासून माझं नाव मागं पडलं आणि मी तुमच्यासाठी 'बी.ए.' झाले. "बी.ए., या आजींचं बघ." "बी.ए., चहा सांग आणि तूही घे."

खताच्या दुकानावरची ती खोली मला शाळेपेक्षा जास्त शिकवून गेली. निराधार योजनेचे अर्ज, रेशनकार्डातली नावं, पोटहिश्श्याच्या तक्रारी. तुमचा नियम एकच होता, लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. एकदा घाईत मी एका बाबांचा अंगठा आधी घेतला, तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात!

मग हे सगळं कधी बदललं, साहेब? मी खूप आठवून पाहते, पण अमुक दिवशी बदललं असा दिवसच सापडत नाही. गर्दी वाढली. छापील नमुने आले, आणि 'वाचून दाखविले, बरोबर आहे' ही ओळ त्यांच्यावर आधीच छापून यायला लागली. तुमचे मुंबईचे दौरे वाढले. कार्यालयात आलात तरी उभ्याउभ्या सह्या करायचात, फोन कानाला. मला वाटायचं, मोठ्या माणसाला वेळ कुठून असणार. मला तुमचा अभिमानच वाटत होता, हे कबूल करायला हवं.

तुमच्याच मंडळाला गोदामासाठी जागा हवी होती आणि आमचं गायरान त्यांच्या नजरेत भरलं. त्या सकाळी तुम्ही स्वतः वस्तीवर आलात. ऊसतोडीला निघायचा दिवस होता. ट्रॅक्टर भरून उभे होते, भांडीकुंडी, कोयते, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं वर चढलेलं. मुकादम घाई करत होता. तुम्ही ओट्यावर उभं राहून सांगितलंत, "आधी तुम्हाला गावठाणात जागा, मगच इथून हलायचं. हा माझा शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसताना संमतीपत्राचा कागद तुम्ही माझ्या हातात दिलात.

मी विचारलं, "साहेब, सगळ्यांना वाचून दाखवू ना?"

तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत. "अगं, आत्ता मी तोंडानं सांगितलं ना सगळं? त्यांना निघायचंय. अंगठे घे."

आणि मी घेतले. मीसुद्धा तो कागद वाचला नाही. हे मी तुमच्यावर ढकलत नाही. शिकलेली मी होते, कागद माझ्या हातात होता आणि डोळे माझे होते. आत्या अंगठा पुढं करून म्हणाली, "तुझी सही हाय ना खाली? मग मला काय इचारतीस?" खाली छापलेली ओळ होतीच. तिच्याखाली 'वाचून दाखविणार' म्हणून मी सही केली, आणि सहीपुढं ऐटीत 'बी.ए.' लिहिलं.

ऊस संपवून लोक परत आले तेव्हा वस्तीभोवती खांब रोवलेले होते. नोटिशीबरोबर त्या संमतीपत्राची प्रत आली. तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. 'आम्ही सदर जागेचा ताबा स्वखुशीने व विनाअट सोडत आहोत.' गावठाणातल्या जागेचा एक शब्द नाही. आमच्या अंगणात तो कागद मला मोठ्यानं वाचायला लागला, साहेब. त्या दिवशी जे करायला हवं होतं ते सात महिन्यांनी केलं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नाना नावाचे आमच्या शेजारचे म्हातारे एवढंच म्हणाले, "पोरीला तरी काय म्हाईत हुतं."

तोवर सरकार बदललं होतं, तुमचं अध्यक्षपद गेलं होतं आणि साखरेच्या आजारानं डोळेही नेले होते. मी नगरला तुमच्या घरी आले तेव्हा कुठल्याशा संस्थेचा माणूस तुमच्या सह्या घेत बसला होता. तो तुमचं बोट धरून कागदावर टेकवायचा आणि म्हणायचा, "नेहमीचंच आहे, साहेब." तुम्ही विचारलंत, "पण आहे काय?" तो हसला, पुन्हा तेच म्हणाला. तुम्ही माझ्या दिशेनं मान वळवलीत. "बी.ए., तू वाच."

सभेचं साधं इतिवृत्त होतं ते. पण तुम्ही किती लक्ष देऊन ऐकलंत! मान खाली, तळहात मांडीवर. आत्या ऐकत होती तशी.

तो माणूस गेल्यावर तुम्ही स्वतःहून वस्तीचं विचारलंत. नोटीस माझ्या पर्समध्येच होती. मी संमतीपत्र वाचायला लागले. 'स्वखुशीने व विनाअट' आलं तेव्हा तुम्ही हात वर केलात.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"जागेचं कुठं आहे?"

"नाहीये, साहेब."

"शेवटी असेल."

"शेवटी फक्त माझी सही आहे."

तुम्ही म्हणालात, "मी वाचला नव्हता गं तो. ऑफिसनं तयार करून दिला, मी गाडीत टाकला आणि आणला." आणि लगेच खुर्चीत ताठ बसलात, कोर्टात बसायचात तसे. "कागद घे. माझा जबाब लिहून घे."

काकू औषध घेऊन दारात उभ्या होत्या. आजारी माणसाकडून त्याच्याच चुकीचा जबाब लिहून घ्यायचा? मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "बरं वाटल्यावर घेऊ, साहेब." तुम्ही मान हलवलीत. दहाव्या दिवशी तुम्ही गेल्याचा फोन आला.

का ऐकलंत माझं? तुम्ही दोनदा सांगितलं असतंत तर मी लिहिलं असतं. चार ओळी पुरल्या असत्या. आज वस्तीची सगळी घरं त्या चार ओळींवाचून अडली आहेत.

आणि एक विचारू? तुम्ही म्हणालात ते खरं होतं ना? तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस कागद न वाचता पुढं देतो? की वाचला होता, आणि माझ्यासमोर तसं म्हणवलं नाही? मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते. न वाचता दिलात असं धरलं तर ज्यांच्यामुळं मी वकिलीकडं वळले ते वकीलसाहेब तुम्ही जाण्याच्या कितीतरी आधीच गेले होते. आणि वाचून दिलात असं धरलं तर… ते मी लिहीत नाही.

तुमच्या सोनईतल्या अंत्ययात्रेला आत्या चालत आली होती. परत जाताना वाटेत एकदाच बोलली, "मानूस वाईट न्हवता. लई घाईत हुता."

तुमचे एक जुने कार्यकर्ते परवा भेटले. गेलेल्या माणसाच्या नावाला कशाला डाग लावतेस, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की साहेब स्वतःच जबाब द्यायला तयार होते. ते म्हणाले, "पुरावा काय?" वस्तीच्या आताच्या वकिलांनी वेगळीच काळजी बोलून दाखवली. मी न वाचता 'वाचून दाखविले' म्हणून सही केली, हे मीच लिहून देणार. मी आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उद्या सनद घेताना कुणी हाच कागद पुढं केला तर? त्यांनी मला दोन दिवस विचार करायला सांगितला. त्यातला एक गेला.

विचार मात्र झालाय. माझ्या सहीमुळं तो कागद खरा ठरलाय. वस्तीतलीच शिकलेली मुलगी साक्षीला आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार? ती सही खोटी आहे हे माझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकला असतात.

प्रतिज्ञापत्रात मी माझी चूक आधी लिहिली आहे, तुमची नंतर. तुम्ही ओट्यावरून काय शब्द दिलात ते लिहिलं आहे, आणि गाडीत बसताना काय म्हणालात तेही. शेवटच्या भेटीत तुम्ही जबाब द्यायला निघाला होतात, हेसुद्धा लिहिलं आहे, मग कुणी विश्वास ठेवो न ठेवो. तुमच्या बाजूनं एक शब्द वाढवला नाही आणि विरुद्धही वाढवला नाही.

पण काकूंना हे कोर्टातून किंवा पेपरातून कळू देणार नाही, हा शब्द मी तुम्हाला देते. उद्या सकाळच्या एसटीनं नगरला जाणार आहे. स्मरणिकेची दोन पानं म्हणून हेच पत्र त्यांना देईन. छापायचं की नाही ते त्या ठरवतील. आधी मात्र त्यांच्यासमोर बसून सगळं तोंडानं सांगेन. त्या रडतील, मला घालवून देतील, कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. त्या घरात मला मिळालेलं मुलीचं स्थान उद्या संपेल असं धरूनच मी निघणार आहे. त्यांनी दार लावून घेतलं तर पायरीवर बसेन, आणि त्या बाहेर येईपर्यंत उठणार नाही.

तुमची,
शीतल