एकतिसावं कलम

१६ डिसेंबर १९४८
आज पुन्हा भांडण! माझी थोरली जाऊ मनकर्णाबाई विहिरीवर येऊन उभी — "माह्या वांग्याईले पानी काहून नाही?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "दादा गेला, त्याचे मोटेचे दिवसबी गेले." मंगळवार अन् शनिवार तिचे होते. आता तिच्या वाफ्यांना भेगा पडल्यात आणि आमची मेथी डुलते आहे. ती निवडताना मला लाज वाटते.

१७ डिसेंबर
मामाजींना अक्षर दिसेनासं झाल्यापासून वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. चौथी पास सून — मोठा मान! आजची बातमी: पॅरिसला देशादेशांनी मिळून माणसाच्या हक्कांची तीस कलमं केली. हक्क मानल्याशिवाय जगात शांतता टिकायची नाही म्हणे. सगळी कलमं काही छापलेली नव्हती. मग एक मीच घातलं! न अडखळता वाचलं, "कलम एकतिसावं. विधवेच्या वाट्याचं पाणी कुणी अडवू नये."

मामाजींचा अडकित्ता थांबला. "पॅरिसवाल्यायले आपल्या हिरीचं कसं मालूम?"

"तिकडंबी जावा असतीन, मामाजी."

आत जाऊन पदर तोंडात कोंबला तेव्हा कुठे हसू आवरलं.

१८ डिसेंबर
शनिवार. मोट मनकर्णाबाईची! हे कुरकुरले तर मामाजी कडाडले, "साऱ्या दुनियेशी वैर घेतं का तू?"

२१ डिसेंबर
आजही मोट तिची. चार दिवस विहिरीवर भांडण नाही. शांततेची बातमी खरीच निघाली की!

२४ डिसेंबर
मेले मी! मामाजी रिसोडला जाऊन एका मास्तरांना विचारून आले — कलमं तीसच. "बाई, तू मले फसवलं. उद्यापासून तिची मोट बंद." हे मिशीत हसले. माझ्या दीडशहाणपणापायी बिचारीचं मिळालेलं पाणीही गेलं. जेवले नाही. खूप रडले.

२५ डिसेंबर
उजाडताच मनकर्णाबाईनं मोटेला बैल जुंपले. मामाजी आडवे आले. ती म्हणाली, "ते कलम खोटं व्हतं, मले पह्यल्या दिसापासून मालूम हाय. हे हीर खंदतानी मातीचे टोपले म्या वाह्यले, मामाजी. तुमी वरतं उभे व्हते. पाह्यलं ना?"

मामाजी बाजूला झाले. मग फावडं उचलून तिच्या वाफ्यात पाणी वळवू लागले.

आणि मी समजत होते, पाणी मी मिळवून दिलं!