आईच्या बोलण्यातल्या फटी

प्रिय धाकटे,

काल फोन केला होता. तू म्हणालीस, ताई, मुद्द्यावर ये, आणि तेवढ्यात दुसरा फोन आला म्हणून ठेवलास. म्हणून हा पत्रासारखा लांबलचक मेल. यात तुला मला मध्येच तोडता येणार नाही. मला तुझा राग आलाय. आधीच सांगून ठेवते, नाहीतर ताई थकली असेल बिचारी, असं म्हणून तू मोकळी होशील.

आईच्या वाढदिवसाला दादाकडे तू कापून-जोडून दिलेली आईची फिल्म लावली, मोठ्या टीव्हीवर, खोलीतले दिवे घालवून. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला एकेक शब्द कसा शोधावा लागतो हे तुला ठाऊक आहे. मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं, ते सगळं तू पाहिलंयस. आणि पडद्यावर आई घडाघडा बोलत होती, जणू बातम्याच देतेय. वहिनीची आई माझ्याकडे वळून म्हणाली, हिला काहीतरी झालंय म्हणत होता ना तुम्ही? दादा तर खूशच. जेवताना म्हणाला, मग त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई आता कशाला हव्यात, उगाच दमवतात तिला. पुरावा तूच दिला होतास ना त्याला, मागे संगीत लावून.

फिल्म पाठवलीस तेव्हा किती कौतुकानं सांगितलं होतंस, दुपारच्या चहाच्या आत काम उरकलं, माऊसला हातसुद्धा लावला नाही. ऐकताना मला तू डोळ्यांसमोर दिसलीस. तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा मी स्टूल ओढून तुझ्या शेजारी बसायचे. कीबोर्डवरची रंगीत चिकट्या लावलेली ती बटणं, एक चित्र पळवायला, एक थांबवायला, एक मागे न्यायला. आणि तुझं ते लाडकं बटण. ते दाबलं की नको असलेला तुकडा उडतो आणि पुढचं आपोआप सरकून फट बुजते. कंपन्यांच्या फिल्ममधले साहेब अडखळायचे, अं अं करायचे, ते तू असंच उडवायचीस आणि आपण दोघी हसायचो. साहेबांचं ठीक आहे गं, त्यांना हुशार दिसायचंच असतं. आई काय तुझं गिऱ्हाईक आहे? एकदा तरी तुझं बोट थांबलं का? नसेलच थांबलं. तूच सांगायचीस, आता बोटांना डोळे लागत नाहीत म्हणून.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. चारचौघांत आईचं हसं होऊ नये, एवढंच तुला वाटलं असेल. म्हणून तर जास्त चीड येते. वाईट असतं तर भांडून मोकळी झाले असते.

आता ऐक. दादाची समजूत मी काढेन, बाईही येत राहतील. पण आईनं बोलणं सोडलंय. घरी आल्यावर तिनं ती फिल्म पुन्हा लावायला सांगितली, दुसऱ्या दिवशीही. मग शिकवणाऱ्या बाई आल्या, तर तोंड मिटून बसली. बऱ्याच वेळानं टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिला... तिलाच बोलू दे." तेव्हापासून पाणी हवं असलं तरी पेल्याकडे नुसता हात करते. बाई म्हणाल्या, न कापलेलं चित्रण असेल तर ते दाखवा. कॅमेऱ्यातलं कार्ड मी तुलाच पाठवलं होतं, आणि काम झालं की तू सगळं पुसून टाकतेस. म्हणून लिहितेय. पुसलं नसशील तर त्याला हात लावू नकोस, आहे तसं पाठव. त्यात एक जागा आहे. तुझ्या फिल्ममध्ये आई तुझं नाव घेते ना, चटकन, ओठांवरच असल्यासारखं? तसं नव्हतं ते. मी कॅमेऱ्यामागे उभी होते, सांगू की नको असं झालं होतं मला. ती खिडकीकडे बघत राहिली, खुर्चीच्या हातावर बोटं आपटत राहिली. दादाचं नाव आलं, माझं आलं, दोन्ही तिनं मान हलवून बाजूला सारली आणि पुन्हा शोधायला लागली. मग तुझं सापडलं, आणि ती अशी हसली की मलाच रडू आलं. ते तू कापलंस. मला ते हवंय, तिला दाखवायला. आणि पाठवण्याआधी एकदा तूही बघ. बटणांवरचे हात काढून बघ.

तुझीच, अजून रागातच असलेली,
ताई