लेट्यूस छान आहे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (दुखत असला तरी चाल. बसून राहू नकोस.) आमच्याकडे क्षेम नाही, आणि त्याचं मूळ तू पाठवलेल्या बियांच्या पाकिटात आहे.

निवृत्त झाल्यापासून तुझे भावोजी भिंतीकडे बघत बसत, हे तुला ठाऊकच आहे. विचारलं तरी 'हं', नाही विचारलं तरी 'हं'. तुझ्या लेट्यूसला ट्रेमध्ये कोंब फुटले आणि हा माणूस पहाटे उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत बोलू लागला. (माझ्याशी नव्हे, ट्रेशी. पण घरात आवाज तर आला.) रोपांना चार पानं आली तेव्हा मी एकदाचा निकाल लावायचं ठरवलं. लाडाने कुणाचं भलं झालंय? भर दुपारी सगळी उचलून मागच्या वाफ्यात लावली, पाणी घातलं, हात धुतले. संध्याकाळी ती भिजलेल्या कागदासारखी मातीला चिकटली होती. हे भांडले असते तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली, आणि मला जेवण गेलं नाही.

म्हणून मीच पुन्हा बी पेरलं. या खेपेला तुझ्या सांगण्याप्रमाणे: ट्रे रोज थोडा वेळ बाहेर, आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात, म्हणजे रोपांना उन्हावाऱ्याची सवय होते. मी ट्रे बाहेर ठेवायची आणि पाठ वळली की हे आत आणायचे. 'गारठतील गं!' (लेट्यूसला गारवा मानवतो, हे त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं.) शेवटी मागच्या दाराला बाहेरून कडी घालून मी तिथे वर्तमानपत्र वाचत बसू लागले. शेजारीण विचारून गेली, 'भांडण झालं का?'

मग एक ढगाळ संध्याकाळ बघून दोघांनी लावणी केली. मुळांभोवतीच्या मातीसकट, अलगद, मधला कोंब न गाडता. लावून होतात तोच पाऊस कोसळला. हे रोपांवर छत्री धरून उभे. रोपं कोरडी, हे चिंब. ताप भरला. डॉक्टरांनी रविवारपर्यंत अंथरुणातून उठायला बंदी केली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात गेले, तर गोगलगायी जेवून गेल्या होत्या. नुसते देठ उरलेले. एक गोगलगाय तिथेच पडली होती, बहुधा पोट जड झाल्यामुळे.

आणि हे पडल्या पडल्या विचारतात, 'कशी आहेत गं?' कॉलेजात वादविवादात न पटणारी बाजू मांडायला नकार देऊन बक्षीस घालवलेली मी, सांगते, 'छान आहेत.' काल तर नवीन पान फुटल्याचंही सांगून बसले. रविवारी ते उठतील, वाफा बघतील आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे जाईल. मला काही सुचत नाही.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्याकडची रोपं मुळांसकट ओल्या फडक्यात गुंडाळून शनिवारच्या आत पाठव. फार वाढलेली नकोत, ओळखतील.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी चहा द्यायला गेले. म्हणाले, 'धाकटीलाच लिहितेयस ना? गोगलगायींवरचा उपायही विचार.' त्यांना अंथरुणावरून कपाटाच्या आरशात खिडकीबाहेरचा सगळा वाफा दिसतो, पहिल्या दिवसापासून! मग रोज विचारत कशाला होता, असं मी (जरा चढ्या आवाजात) विचारलं. म्हणाले, 'इतक्या वर्षांत तू कशालाच छान म्हणाली नव्हतीस. ऐकायला बरं वाटत होतं.'

आता रोज 'छान' म्हणावं लागणार, आणि तेही खरंखुरं. तेव्हा रोपं चांगली निवडून पाठव.