प्रश्न न विचारणारं घर

प्रिय छोटी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, सगळे ठीक आहेत. बाबांचा खांदा धरलाय, माझी कंबर कुरकुरतेय, आणि दादा आज खाली येऊन आमच्यासोबत जेवला. हो, टेबलाशी बसून. हल्ली फोनवर तुझं-माझं बोलणं ‘बरं आहे ना?’ आणि ‘बरं आहे’ यातच आटोपतं. आज औषधांच्या दुकानातून सुट्टी घेतलीय, म्हटलं निवांत लिहावं. शिवाय मला आता घरात फार बोलता येत नाही. हसू नकोस, खरंच सांगतेय. दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाबरोबर जगाच्या बातम्या देणारी तुझी आई घरात दिवसभर तोंडाला कुलूप लावून हिंडते.

तू आली होतीस तेव्हा दादाचं नुकतंच बिनसलं होतं, त्यामुळे तुला अर्धंच ठाऊक आहे. तो ऑटिस्टिक आहे हे कॉलेजात असताना कळलं, आणि आपल्याला वाटलं, नाव कळलं म्हणजे सगळं कळलं. नकाशांच्या ऑफिसात त्याचं छान चाललं होतं. कोपऱ्यातलं टेबल, एक खिडकी, आणि दिवसभर चुका शोधायच्या. एखाद्या नदीला नकाशा काढणाऱ्याने डोंगर चढायला लावलं असेल तर ती याच्या नजरेतून सुटायची नाही. मग ऑफिस नव्या इमारतीत गेलं, मधल्या भिंती गेल्या, आणि साहेबांनी खूश होऊन त्याला गटप्रमुख केलं. बढती म्हणून आपण किती मिरवलो! त्याचं काय होतंय हे कुणी पाहिलं नाही. दिवसभर फोन, बैठका, आणि चारचौघं हसले की आपणही हसायचं. घरी आला की दिवा न लावता बाथरूममध्ये बसून राहायचा. एके सकाळी जिन्यावर दिसला, एक बूट पायात, दुसरा हातात. मी किती हाका मारल्या, पण त्याला तो दुसरा बूट घालताच येईना. त्या दिवशी तो वर गेला तो गेलाच, आणि त्याचं बोलणंही थांबलं.

आधी आम्ही जे सगळे करतात तेच केलं. फिरायला चल, माणसांत मिसळ, बरं वाटेल. मावशी येऊन म्हणाली, “लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.” मी तिला म्हटलं, “तुझं लावून दिलं होतं, तू कुठे आलीस?” त्यावर ती जी रुसलीय ती अजून फिरकलेली नाही. घरात शांतता हवीच होती, तेवढंच एक काम झालं. डॉक्टरीणबाई मात्र भली भेटली. म्हणाली, “हा आळस नाही आणि हट्टही नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसारखं वागायच्या धडपडीत त्याच्यातलं सगळं संपलंय. आता त्याच्याकडे काही मागू नका. ‘कसा आहेस’ असं विचारलं तरी त्याला उत्तर जुळवावं लागतं.” मी घरी येऊन रडले. आईने लेकाला कसा आहेस विचारायचं नाही, तर मग करायचं काय?

तर असं करायचं. त्याच्या खोलीतली गुणगुणणारी ट्यूब काढली. दाराची घंटा बंद केली. त्याला चालतं तेवढंच रांधायचं, टोस्ट आणि उकडलेला बटाटा, ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं आणि तिथे न रेंगाळता निघून यायचं. हे निघून येणं मला सगळ्यात जड गेलं. बाबांनी तर कमालच केली. खालच्या सुतारकामाच्या खोलीतली विजेची करवत कापडात गुंडाळून ठेवली आणि या वयात हाताने लाकूड कापायला लागले. गिऱ्हाइकं म्हणाली, फार वेळ लावता हो. बाबा म्हणाले, “घाई असेल त्याने प्लास्टिकची खुर्ची घ्यावी.”

कित्येक आठवडे काही म्हणजे काही घडलं नाही. ताट कधी रिकामं, कधी जसंच्या तसं. मग एक दिवस बाबांच्या फोनवर वरच्या खोलीतून निरोप आला, ‘खांदा दुखतोय का?’ बाबा चष्मा पुसून पुसून तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांनी लिहिलं, ‘थोडा.’ दुसऱ्या दिवशी दादा कानांवर ते आवाज अडवणारं लावून खाली आला आणि बाबा काम करत होते त्या खोलीच्या पायरीवर बसला. बाबांनी मानसुद्धा वर केली नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते, तोंडावर हात घट्ट दाबून. असे बरेच दिवस गेल्यावर त्याने आपणहून पॉलिश पेपर उचलला आणि एका स्टुलाचा पाय घासायला घेतला. संध्याकाळपर्यंत तोच एक पाय घासत होता. इतका गुळगुळीत झाला की बाकीच्या तीन पायांची लाज वाटावी.

ऑफिसातून विचारणा झाली तेव्हा बाबांना वाटत होतं, जागा धरून ठेवावी. दादाने फोनवर एकच शब्द पाठवला, ‘नको.’ दोन दिवसांनी बाबांनीच ऑफिसला तसं कळवलं. पुढे काय, मला माहीत नाही. पूर्वीचा दादा परत येईल अशी वाट मी आता बघत नाही. पूर्वीचा दादा म्हणजे दमत चाललेला दादाच होता ना.

आता तुझ्याबद्दल. जायच्या आदल्या दिवशी तू त्याच्या दारासमोर उभी राहून ओरडलीस, “तुझ्यापायी आई-बाबा या घरात कोंडले गेलेत, ते तरी बघ!” आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा निरोप न घेता पहाटेच निघालीस. तेव्हापासून तू फोनवर त्याचं नाव काढत नाहीस आणि मीही तो विषय टाळते. तुला वाटत असेल, आई रागावलीय. नाही गं. तू आमच्या काळजीनेच बोललीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

आज जेवण झाल्यावर दादा ताट घेऊन उठला आणि मध्येच थांबला. किती महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. घोगरा झालाय. म्हणाला, “ती म्हणाली ते मी ऐकलं होतं. उत्तर देता येत नव्हतं. तुम्ही दोघं तिच्याकडे जाऊन या. मी राहीन.” बाबा म्हणाले, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगतो. तर म्हणाला, “कुणी नको. मला जमेल.” छोटी, त्याला एकटं सोडून यायची मला भीती वाटतेय. पण त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं, आणि ते तुझ्यासाठी मागितलं. बाबा आत्ताच तिकिटं काढून आले. शनिवारी सकाळी आम्ही तुझ्या दारात असू.

तुझीच,
आई